निंबातला खिळा

सोलापूर,
चैत्र, १९३४

प्रिय नीलम्मा,

समोर असताना तुला नेहमी ‘नीलम्माबाई, तुम्ही’ म्हणत आलो. आज कागदावर ‘तू’ म्हणतोय. रागावलीस तर दुधनीच्या शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासून उरलेली तांबडी शाई माझ्यावर ओत.

इकडची खबर अशी, की तळ्याच्या रस्त्यावरचे कडुनिंब आजारी पडलेत. गावाला औषध पुरवणाऱ्या वैद्यानेच अंथरूण धरलं म्हण! बुंध्याशी अळंब्यांच्या तपकिरी छत्र्या उगवतात, शेंडा वाळतो आणि वर्षभरात झाड सरपणाला मोकळं. पुण्याहून शेतकी खात्याचे एक साहेब आले. म्हणाले, रोग मुळांतून मुळांत जातो, नाहीतर कोयत्यावरून. शेळ्यांना पाला काढणारे एकच कोयता दहा झाडांना लावतात. आजारी झाड मुळासकट काढून जाळा आणि ते नि शेजारचं झाड यांच्यामध्ये चर खणा. लगेच कमिटी झाली. साप्ताहिकातून मी गावाला चिमटे काढतो, त्याची शिक्षा म्हणून मला तिच्यात घेतलं. काम एकच, आजारी झाडावर गेरूची फुली मारायची.

हातात गेरूचं डबडं आलं आणि गाव कळलं. ज्या झाडाला वकिलांची पाटी टांगलेली, ते वकिलांच्या मते ठणठणीत. आबासाहेबांच्या दारातलं झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं, आणि त्या घराण्यात म्हणे कुणी आजारीच पडत नाही. भजीवाला म्हणाला, “शेजारच्याच्या झाडावर मारा की फुली, त्याचं तोंडच रोगट हाय.” मी झणझणीत लेख लिहिला, की ज्याला त्याला आपलंच झाड निरोगी दिसतं. लोक पोट धरून हसले. मला हसू येईना, कारण एक झाड मीही फुलीवाचून सोडलं होतं.

तुझ्या जुन्या शाळेच्या वळणावरचं, दगडाबाई ज्याखाली शेंगा विकते ते. अठरा वर्षांपूर्वी तुझी दाढ ठणकत होती, गाल तंबोऱ्याच्या भोपळ्याएवढा झाला होता. पोरींना वेडगळ समजुती सोडा म्हणून सांगणारी तू, “अय्यो, काय पण करा” म्हणत दगडाबाईच्या स्वाधीन झालीस. तिने फर्मान काढलं, “मास्तरीणबाई, खिळा तीनदा दाडंला लावा. निंबात ठोकला की ठणका झाडात. आन् भाऊ, ठोका तुमी. पर ठोकनाऱ्यानं दुसऱ्या दिसापातूर तोंड उघडायचं न्हाय. बोललासा की ठणका माघारी!”

तुझी दुधनीला बदली झाली होती, सकाळची गाडी होती. त्या संध्याकाळी मी तुला काही विचारायला आलो होतो, चांगलं पाठ करून. ते तसंच पोटात ठेवून दगडाने खिळा ठोकला, आणि तुझ्या दारापर्यंत मुक्यासारखा चालत आलो. उंबऱ्याशी तू वळलीस, थोडी थांबलीस. मी मान हलवली आणि परत फिरलो. साऱ्या जगाच्या समजुतींची टिंगल करणारा मी, नेमकी तेवढी एक पाळली. तुझा ठणका परत येऊ नये म्हणून, असं मनाला सांगितलं. खरं तर भित्र्याला गप्प बसायला कारण मिळालं होतं, दुसरं काय! तेव्हापासून तू तिकडे शाळा आणि एकटेपण दोन्ही सांभाळतेस असं ऐकतो. माझ्याही घरात ताट एकच मांडलं जातं. येता-जाता त्या झाडावर हात टेकवायचो. साल वाढत वाढत खिळा गिळत गेली, तरी जागा बोटांना ठाऊक होती.

गेल्या पावसाळ्यात त्या बुंध्याशी छत्र्या दिसल्या. मी पायाने मोडल्या, वर माती लोटली. कमिटीचा माणूस! आता चैत्रात सगळ्या रस्त्याला तांबूस पालवी फुटली, मोहोराचा वास सुटला, आणि त्या झाडाच्या आजूबाजूची तीन झाडं खराट्यासारखी उभी. एक तर शाळेच्या फाटकातलं, ज्याच्या सावलीत तुझ्या पोरी सागरगोटे खेळायच्या. दगडाबाई म्हणाली, “लोकाच्या झाडांवर फुल्या मारतासा, आन् ह्या छत्र्या पायानं झाकतासा व्हय? तुमच्या एका खिळ्यापायी तीन झाडं गेली की.” पुढच्या अंकात हे सगळं मी स्वतःचं नाव घालून छापलं. या वेळी कुणी हसलं नाही. मग गेरू घेतला आणि चारही झाडांवर माझ्या हाताने फुल्या मारल्या.

परवा लाकूडतोड्या भिमाने त्या झाडावर कुऱ्हाड घातली. बुंध्यात चार बोटं आत पातं खणकन वाजलं, धारेला दाता पडला. शिव्या देत त्याने खिळा उपसून माझ्या हातावर ठेवला. गंजलाय, पण वाकलेला नाही. मुळं जळेपर्यंत मी तिथेच उभा होतो. दगडाबाई शेंगांची पाटी उचलून दुसऱ्या झाडाकडे निघाली, जाता जाता म्हणाली, “भाऊ, खिळा निगाला की. आता कुणी बांदलंय तोंड? बोला!”

म्हणून हे पत्र. तेव्हा विचारायचं होतं ते एवढंच, की दुधनीला जाऊ नकोस, माझ्या घरी येशील का? आता जाऊ नकोस म्हणण्यात अर्थ नाही. मीच येऊ का? रविवारी सकाळची गाडी आहे. नको असेल तर कार्डावर फक्त ‘दाढ बरी आहे’ एवढं लिही, मी समजेन. ठणका माघारी आला असेल तर मात्र काही लिहू नकोस, स्टेशनवर ये. खिळा खिशात घालून आणतो. झाडात ठोकणार नाही, आणि तुझ्या दारापर्यंत गप्पही चालणार नाही.

बोलायला अठरा वर्षं उशीर केलेला,
तुझाच
महिपती