न मागितलेली माफी

एडिसन, २ मार्च

चि. सिद्धेश यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

एका घोर अन्यायाची दाद मागायला हे पत्र. मी लावलेला डिशवॉशर तुझे मोरेश्वरकाका उघडतात, सुस्कारा सोडतात आणि सगळी भांडी काढून पुन्हा लावतात. लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्या वाट्या अजून त्यांच्या कसोटीला उतरलेल्या नाहीत. असो. तुझं आणि केयाचं कुठवर आलं? व्हॉट्सॲपवर नको, कागदावर लिही. फॅमिली ग्रुपवर तुझी आई दबा धरून बसलेली असते.

तुझी,
शैलजामावशी

चँडलर, १५ मार्च

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

इथे संत्र्याची झाडं फुललीत. संध्याकाळी ऑफिसातून बाहेर पडलं की सगळं गाव अत्तर लावून कुठंतरी निघाल्यासारखं वाटतं. केया आणि मी तळ्याकाठी चालायचो. ऊन उतरायचं, डोंगर जांभळे व्हायचे आणि माझ्या मनात आमचं घर बांधून, पडदेसुद्धा लावून व्हायचे.

गेल्या शनिवारी तिनं सांगितलं की, माझ्याआधी ती एका मुलाबरोबर दोन वर्षं राहत होती. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं की, मी तुला माफ केलंय. किती मॅच्युअर ना, मावशी? ती हसली, हात सोडवून घेतला आणि गाडी काढून निघून गेली. आता फोन उचलत नाही. ऑफिसातला विक्रम म्हणतो, यार, पोरींशी इतकं चांगलं वागायचंच नसतं. माझं काय चुकलं? मला तिच्याशी लग्न करायचंय गं.

तुझा,
सिद्धेश

एडिसन, २३ मार्च

चि. सिद्धेश,
आशीर्वाद आहेत, पण आज जरा हात आखडून.

माफ केलंस? तिनं तुझा कुकर पळवला होता का? तुम्हा मुलांची कमाल आहे. बायको मोकळ्या विचारांची हवी, फक्त ते विचार तुम्ही भेटल्यानंतर सुरू झालेले हवेत. एम.एस. करतानाचं तुझं प्रकरण म्हणजे अनुभव, आणि तिचं म्हणजे अपराध! तिनं विश्वासानं एक गोष्ट सांगितली आणि तू लगेच न्यायाधीश होऊन बसलास. विक्रमचं ऐकू नकोस. त्याच्याबरोबर कोणी दुसऱ्यांदा कॉफीला येत नाही, हे तूच सांगितलं होतंस. तिच्याकडे जा. फुलं नकोत, भाषण नको. खरं काय वाटलं तेवढं सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
मावशी

चँडलर, ६ एप्रिल

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

गेलो. दारातच सांगितलं की, माफ करणारा मी कोण? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती, जवळ येताना मी त्या मुलापुढे कमी पडेन याची. तिनं अर्धवट दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली की, हे त्याच दिवशी बोलला असतास तर मी गेलेच नसते. नंतर चपला घालून बाहेर आली. तळ्याभोवती फिरलो. फुलं गळलीत, वास मात्र अजून हवेत तरंगतोय. लग्नाचं मी विचारलं नाही. उद्याही फिरायला येईन, असं तीच म्हणाली.

मावशी, तुझं आधीचं काही होतं का? काकांना माहीत आहे?

तुझा,
सिद्धेश

एडिसन, १३ एप्रिल

चि. सिद्धेश,
अनेक आशीर्वाद, या खेपेला भरभरून.

होतं. लग्नाआधी पुण्यात एका बागेतल्या बाकावर मीच त्यांना सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं की, अजून आठवण येते का? येत असेल तर मला सांगत जा. मग भुईमुगाच्या शेंगा सोलून अर्धे दाणे माझ्या हातावर ठेवले. मला तेव्हा इतकं हलकं वाटलं की, आभार मानायचं राहूनच गेलं.

आज तुझं पत्र वाचून खाली गेले. ते खिडकीशी पेपर वाचत होते. त्यांना थँक्यू म्हटलं. त्यांनी विचारलं, कशाबद्दल? मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

लोभ आहे, तो असाच असू दे.
शैलजामावशी