थांबायची अट

४ जाने., रवि. सांबरा.
नोकरीचे दोन्ही कागद आले. एक परराज्यातल्या होसूरच्या कंपनीचा, एक इथल्या आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्याचा. होसूरवाले नऊ महिने नव्या मशीनचं ट्रेनिंग देणार, राहणं-जेवण धरून सगळा खर्च त्यांचा. मग तीन वर्षं तिथून हलायचं नाही. ओरिजिनल मार्क्स कार्डं त्यांच्या कपाटात. उद्यमबागेत मशीन जुनं, पगार बेताचा, ट्रेनिंग दोन महिन्यांचं. पण बंधन एकच वर्षाचं, आणि संध्याकाळी घरी.
डिप्लोमा झाल्यापासून गल्लीत जो तो 'सध्या काय करतोस' विचारत होता. आता विचारा म्हणावं.

६ जाने., मंगळ.
प्रकाश, डिप्लोमाचा सोबती. म्हणाला, होसूर सोडलंस तर तुझ्यासारखा खुळा तूच. खरं आहे. तिथं शिकलेलं जन्मभर पुरेल. पण नऊ महिने आणि वर तीन वर्षं... सु.चं काय?
(सुजाता. पूर्ण नाव एवढं एकदाच, धाकटी बहीण वही उघडते.) सु. म्हणजे सदलग्याच्या मामाची मुलगी. लहानपणापासून सगळे आम्हाला चिडवत आलेत. आधी ती आत पळायची, हल्ली पळत नाही, हसते. मामाच्या पोरीनं आत्याच्या घरी सून म्हणून यायचं, आमच्याकडं ही विचारायची गोष्टच नसते. आईचंही तेच, घरचंच आहे, घाई कशाला.
मनात उद्यमबाग पक्कं होत चाललंय. अजून कुणाला बोललो नाही.

११ जाने., रवि.
मामा आला होता. ऊसतोड सोडून आला म्हणजे विशेषच. काकवीचा डबा आणला. चहा झाला, साखर कारखान्याच्या गप्पा झाल्या, मग आप्पांना म्हणाला, "पोराच्या नोकरीचं कुठं ठरलं, दाजी?"
आप्पांची कळी खुलली. होसूर काय, ट्रेनिंग काय, मशीनची किंमत काय. शेवटी मांडीवर थाप मारून, "तीन वर्सं सोडतच न्हाईत बघ त्याला. लिहूनच घेत्यात." उद्यमबागेचं नावसुद्धा नाही. मी दारातच उभा होतो. छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.
मामा "बरं झालं" म्हणाला आणि उठला. आईनं जेवायचा आग्रह केला, थांबला नाही.

१४ जाने., बुध.
संक्रांत. सु.ला तिळगुळाचा मेसेज टाकला. वाचला, उत्तर नाही. रुसली असेल. होसूरचं ऐकलं असणार. उद्यमबागेचं तिला स्वतः जाऊन सांगायचं, तोंड बघण्यासारखं होईल.

२० जाने., मंगळ.
रविवारी सु.ला निपाणीचा मुलगा बघून गेला. पसंती झाली. सुपारीही फुटली.
आई फोनवर मामाला म्हणत होती, आम्हाला विचारायचं तरी. फोन स्पीकरवर होता. मामा शांतपणे म्हणाला, "मग त्या दिवशी कशाला आलतो मी, आक्का? पोरीच्या बापानं अजून कसं इचारायचं? दाजींनी तीन वर्सं सांगितली. मी काय समजायचं ते समजलो."
आई खालीच बसली.
पोरीचा बाप तोंडानं मागत नाही, नोकरीचं विचारतो. आई-आप्पांची हयात गेली या रीतीत, त्यांना कळू नये? परक्याच्या घरून कुणी आलं असतं तर पहिल्या घोटाला ओळखलं असतं. घरचा माणूस म्हणून कुणी कान दिला नाही. आप्पा उठून गोठ्यात गेले. मला दया आली नाही, राग आला. जेवलो नाही.

२१ जाने., बुध.
आप्पा फुशारकी मारत होते तेव्हा मी दारात... एक शब्द बोललो असतो तर. 'अजून ठरलं नाही, मामा.' एवढंच.

२५ जाने., रवि.
न सांगता सदलग्याला गेलो. मामा शेतात. मामीनं चहा दिला आणि काही न विचारता शेजारी निघून गेली. सु. परड्यात तूर पाखडत होती. सगळं सांगितलं. उद्यमबाग घेणार होतो, तुझ्यासाठी, ते आप्पांचं बोलणं माझं नव्हतं.
बराच वेळ सूप हलत राहिलं. मग म्हणाली, "कंपनीनं तुला इचारलं तरी, तीन वर्सं थांबणार काय म्हणून. मला कुणी इचारलंच न्हाय."
तिनं सुपातला खडा वेचून फेकला.
"थांबले असते की रं."
ठरलेलं मोड म्हणालो. नको म्हणाली. बाबांनी शब्द दिलाय, आणि तो मुलगा वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं. तिचे डोळे कोरडे होते. मी मात्र परतीच्या बसमध्ये रडलो. कंडक्टरनं कन्नडमधून कुठलं तिकीट विचारलं, गावाचं नावच तोंडातून निघेना. तो पुढच्या माणसाकडं गेला आणि मग परत आला.

३१ जाने., शनि.
होसूरहून फोन. ट्रेनिंग पंधरा दिवसांनी सुरू, तारीख बदलता येणार नाही. सु.चं लग्न त्याच आठवड्यात. आई म्हणते, आत्याचं घर म्हणून मान आपला, तू नसलास तर लोक बोलतील. आप्पा म्हणाले, "जा तू होसूरला. हितं आता काय हाय?" त्यांच्याजवळ जाऊन बसलो.
उद्यमबागेचे साहेबही सोमवारी या म्हणतात, जागा जास्त थांबवणार नाहीत.
दोन्ही कागद पुन्हा काढून बसलोय. अटी पाठ झाल्यात. आधी निवडणं अवघड वाटत होतं, पण तेव्हा एका कागदात सु. होती. आता दोन्हीत नाही. सोमवारी कुठंतरी सही करायची आहे.