सकाळी अकराचा सामना

न्यूयॉर्क, १४ एप्रिल

प्रिय लुएला,

तू पाठवलेला केक मिळाला. इथल्या लोकांचा लोणी घालताना हात आखडतो, असा केक इथे मिळत नाही, त्यामुळे ऑफिसात नेलाच नाही, एकट्यानं संपवला. म्हण आता अधाशी. चार दिवस झाले, हे पत्र लिहायला बसतो आणि उठतो. फोनवर सांगायला गेलो की तू मध्येच माझी बाजू घेतेस, मग माझी जीभ रेटत नाही.

तुझा ऑगस्टमधला फोन माझ्या डोक्यातून जात नाही. विद्यापीठानं डॅडींच्या एकोणसत्तर सालच्या फुटबॉल संघाला ऑक्टोबरमधल्या सामन्यात मध्यंतराला मैदानावर बोलावलं होतं. पंचावन्न वर्षांनी! डॅडी निळा कोट घालून आरशापुढे उभे राहायचे आणि शेजारच्या मिस्टर टबना तीच बातमी दिवसातून तीनदा सांगायचे. तू म्हणालीस, "हार्लन, वेळ तुम्ही टीव्हीवालेच ठरवता ना, मग सामना सकाळी अकराला लाव. दुपारी दोन-तीनपर्यंत ते आपले डॅडी असतात. ऊन उतरलं की मला विचारतात, बाई, तुम्ही कोण?" मी म्हणालो, बघतो. तू त्यावर विसंबलीस, आणि मी विसंबू दिलं.

अकराचा सामना म्हणजे आपल्या मिसिसिपीत शिवीच. सामन्याआधी तंबू ठोकून मांस भाजायला कोळसा पेटवायचा कधी, बायकांनी नटायचं कधी! चर्चमधल्या बायकांनी तुला वेड्यात काढलं, कारण अख्ख्या गावात तू एकटीच त्या वेळेसाठी देवाला साकडं घालत होतीस.

एरवी आम्ही टीव्हीवाले बारा दिवस आधी वेळ जाहीर करतो. पण मोसमात काही वेळा निर्णय राखून ठेवतो आणि आधीच्या शनिवारचे निकाल पाहून रविवारी ठरवतो. नेमकं तेव्हाही तसंच झालं. घरून निघायचं कधी, असं विचारून जुन्या खेळाडूंनी तुझं डोकं खाल्लं, आणि मी तुला रोज सांगायचो, अजून काही नाही. त्या शनिवारी आपला संघ अगदी शेवटच्या मिनिटाला जिंकला. तू फोनवर आनंदानं ओरडलीस. पण चांगला खेळणारा संघ प्रत्येक वाहिनीला संध्याकाळी हवा असतो.

रविवारी दुपारी मी तुला कळवलं, सामना संध्याकाळी सहाला. वरच्यांनी ऐकलं नाही म्हणालो. तू उलट माझीच समजूत घातलीस, "तू भांडलास ना, तेवढं पुरे."

सामन्याच्या दिवशी मी आलो होतोच. दुपारी झाडाखालच्या तंबूत डॅडी उकडलेल्या शेंगा सोलत बसले होते. ऑबर्नहून आलेल्या त्या टकल्या दोस्ताला त्यांनी असा काही टोमणा मारला की त्याच्या नाकातून चहा आला. तेव्हा अडीच वाजले होते. मध्यंतर झालं साडेसातला. एवढे दिवे, ऐंशी हजार माणसांचा गलका. बाकीचे म्हातारे हात हलवत होते, आणि डॅडींनी दोन्ही कान गच्च धरले. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते रडत तुला म्हणाले, "बाई, मला घरी पोचवा. आई वाट बघत असेल." तू त्यांना कवेत घेऊन बाहेर आणलंस. मी मागून नुसता चालत होतो. पुढे त्यांनी त्या संघाचं नाव कधी काढलं नाही, कोट दिसला तरी घाबरायचे. मार्चमध्ये गेले.

गेल्या आठवड्यात त्यांचं कपाट आवरताना तू फोन केलास. म्हणालीस, "मीच हट्टानं नेलं रे. घरी ठेवलं असतं तर निदान तो संघ तरी त्यांच्याजवळ राहिला असता." मी फक्त "नाही गं" म्हणालो. लुएला, वरचं कुणी आडवं आलं नव्हतं. त्या रविवारी आमच्यापुढे दोन सामने होते, टेक्सासमधला आणि आपला, दोन्ही तोडीस तोड. एक सकाळी, एक संध्याकाळी. साहेबांनी मलाच विचारलं, तू तिथला आहेस, तुझा सकाळी ठेवू का? नुसतं हो म्हणायचं होतं. पण वेळा ठरवणाऱ्यांच्या त्या खोलीतलं माझं पहिलंच वर्ष. घरच्यांसाठी वेळ मागतो असं म्हणतील, या भीतीनं मी डॅडींचं नावही काढलं नाही. म्हणालो, "आमचा संध्याकाळी ठेवा. आमची माणसं दिव्यांखाली जास्त ओरडतात." साहेबांनी पाठ थोपटली, आणि लाज वाटते सांगायला, मला बरं वाटलं. तू माझा फोन उचलू नकोस, चालेल. पण स्वतःला बोल लावणं आजपासून बंद कर. त्या अंधारात डॅडींना तू नेलं नाहीस, मी नेलं.

तुझाच,
हार्लन