साडूंपेक्षा सहा इंच लांब

२ मार्च, रविवार. संध्याकाळ.

साडूंनी तलवार घेतली. हिच्या धाकट्या बहिणीच्या घरी, सोफ्याच्या वर, जिथे चारचौघांकडे घड्याळ असतं, तिथे आता तलवार. मध्ययुगीन सरदाराच्या तलवारीची हुबेहूब नक्कल म्हणे. मला काडीचाही हेवा वाटला नाही. जेवण जरा कमी गेलं, एवढंच.

सासरेबुवा अर्धा तास तलवारीकडे बघत होते. अडतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये हत्यारांना धार लावली त्यांनी. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्याकडे सलग पाच मिनिटं बघितल्याचं आठवत नाही.

निघताना हळूच बोटाने पाहिली. धार नाही! लोणीसुद्धा कापणार नाही. येताना रस्ताभर शीळ घालत आलो.

३ मार्च. ऑफिस, लंचटाइम.

ऑर्डर दिली. दोन हातांनी धरायची. साडूंच्या तलवारीपेक्षा सहा इंच लांब. आणि मी धार लावणार. शोभेची वस्तू ठेवणारे वेगळे, हत्यार ठेवणारे वेगळे.

हिला सांगितलं. ही म्हणाली, तेवढी भिंत आहे का आपल्याकडे? वर म्हणाली, धारच लावायची आहे तर आधी स्वयंपाकघरातली सुरी बघा. म्हटलं, बघू.

११ मार्च. सकाळ ८.४०.

आली! पॅसेजमध्ये वळत नाही. आधी दार उघडायचं, मग खोलीत उलटं जायचं, मग तलवार. सवय होईल. मूठ किंचित हलते. लवचीकपणा असणार.

सोबत एक चिठ्ठी. ‘शोभेची वस्तू. धार लावू नये.’ असल्या सूचना सामान्य लोकांसाठी असतात. फाडून टाकली.

१५ मार्च, शनिवार.

ही म्हणते, बाबांना विचारा ना धारेचं. का विचारायचं? माझ्याकडे इंटरनेट आहे. चौदा व्हिडिओ पाहून झाले.

साडूंनी मात्र विचारलं म्हणे. दर शनिवारी सासरेबुवांना गाडीत घालून घरी नेतात आणि शेजारी बसून शिकतात. तलवार नाही, साध्या सुऱ्या! याला लाळघोटेपणा म्हणतात. मी असतो तर त्यांना इथेच आणलं असतं. म्हणजे आणीनही. सध्या वेळ नाही.

१८ मार्च.

भयंकर बातमी. हिच्या बहिणीचा फोन. सासरेबुवांचे हात आता थरथरतात, म्हणून ते आपला धारेचा दगड कोणाला तरी देणार आहेत. तो टूलरूममधला, मध्ये खोलगट झालेला, तेलाने काळा पडलेला. अडतीस वर्षं कोणाला हात लावू दिला नाही.

मला त्या दगडाचं काय करायचंय? पण साडूंकडे जाता कामा नये. जावई दोनच. मोठा मी.

ठरलं. ३० तारखेला सगळ्यांना जेवायला बोलवायचं. टेबलावर कलिंगड. मी येणार, एकच वार, कलिंगड दोन. सासरेबुवा उठून दगड माझ्या हातात देणार. साडू टाळ्या वाजवणार (वाजवाव्याच लागतील).

२२ मार्च, शनिवार. दुपार.

बाल्कनीत काम सुरू. कडेला मार्करने निळं रंगवायचं, मग दगडावर घासायचं. रंग जिथे जाईल तिथे दगड लागतोय. माझा रंग दोन वेगळ्याच जागी गेला आणि थोडा शर्टवर. एका बाजूला दीड तास. बाजू एकूण दोन, हे आधी लक्षात आलं नव्हतं.

कागद कापून पाहिला. दुमडला. घरातले कागद हलके आहेत. सोमवारी ऑफिसातून चांगले आणतो.

ही टोमॅटो घेऊन दारात उभी. सुरीने चेपलेला. म्हणाली, ३० तारखेच्या आत एवढी एक सुरी करून द्या, तुमच्याकडे एवढे दगड पडलेत. इथे माणूस सरदारांची तलवार घडवतोय आणि ही टोमॅटो दाखवते!

२३ मार्च.

वेळ वाचवायला ड्रिल मशीनला घासायची चकती लावली. ठिणग्या! शेजारचे काका बाल्कनीत आले आणि आत गेले. पात्याच्या कडेला सुंदर निळसर झाक आली आहे. व्हिडिओत कोणाच्याच तलवारीला नाही.

२७ मार्च.

ही सुरीचं चौथ्यांदा बोलली. म्हणाली, बाबा येणार आहेत, त्यांची सवय तुम्हाला माहीत आहे. माहीत आहे. कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी स्वयंपाकघरात जातात आणि सुरीवर अंगठा फिरवतात. विचित्र खोड आहे. म्हाताऱ्या माणसांच्या असतात. सोमवारी नक्की करतो म्हटलं.

२९ मार्च, शनिवार.

ऑफिसच्या कागदाचे तीन प्रयत्न. एक कापला! (बाकीचे दोन मी वाकडे धरले होते.) तयार.

साडू आजही सासरेबुवांना घेऊन गेले असतील. जाऊ देत. शेवटचा शनिवार.

३० मार्च, रविवार. दुपार ४.

सगळे गेले.

झालं ते असं. सासरेबुवा आले. हातात कापडी पिशवी. ती माझ्या खुर्चीसमोर ठेवली आणि तिचं तोंड उघडून दाखवलं. आत दगड! माझ्याकडे बघून हसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग स्वयंपाकघरात गेले. परत आले. पिशवीचं तोंड बंद केलं आणि आपल्या पायाशी ठेवली.

मला वाटलं, जेवणानंतर समारंभाने देणार. कलिंगड मांडलं. तलवार काढली (दार, उलटं, तलवार). दोन्ही हातांनी उचलली, मारली. पातं चार बोटं आत गेलं आणि अडकलं. ओढलं. मूठ माझ्या हातात आली. पातं कलिंगडात उभं. मुठीच्या आत बोटाएवढी बारीक सळई होती, वेल्डिंग करून बसवलेली. ती तुटली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साडू धावत आले आणि म्हणाले, लागलं नाही ना तुम्हाला? अगदी मनापासून. हे मी कधीही विसरणार नाही.

सासरेबुवांनी निळ्या कडेवर नख लावलं. म्हणाले, तापवलंत. पाणी उतरलं पोलादाचं, आता धार टिकायची नाही.

मग हिने सुरी आणली. ती कलिंगडावरून घसरली. साडूंनी चहाचा एक कप मागितला, उलटा केला आणि बुडाच्या खरबरीत कडेवर सुरी घासली. माझ्या कपावर! दोन मिनिटं, अलगद, या बाजूने, त्या बाजूने. कलिंगड कापलं. फोडी एकसारख्या. सासरेबुवांनी सुरी घेतली, अंगठा फिरवला आणि पायाशी ठेवलेली पिशवी उचलून साडूंच्या मांडीवर ठेवली.

मी दोन फोडी खाल्ल्या. गोड होतं. चव लागली नाही.

३१ मार्च. सकाळ.

ही चहा देताना म्हणाली, मीच बाबांना सांगितलं होतं. हे हल्ली रोज धार लावत बसतात म्हटलं. ते इतके खूश झाले. म्हणाले, मग दगड मोठ्या जावयालाच. म्हणून सुरीच्या मागे लागले होते मी, तुम्हाला कळलंच नाही.

वाईट वाटलं. खरंच वाटलं.

ऑफिसला उशिरा गेलो.

५ एप्रिल, शनिवार.

साडूंचा निरोप होता, काही धार लावायचं असलं तर पाठवा. हिने घरातल्या सगळ्या सुऱ्या आणि दोन कात्र्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरल्या. पोचवायचं काम माझं.

गेलो. तलवार भिंतीवर तशीच. पाठ वळली तेव्हा परत बोट लावून पाहिलं. बोथट. बोथटच राहणार, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

बाल्कनीत बाकावर साडू आणि सासरेबुवा. मधे दगड. साडूंच्या हातावर सासरेबुवांचा थरथरता हात, कोन धरून दाखवत होते. मला पाहून सासरेबुवा जरा सरकले. बाकावर एका माणसाची जागा झाली. म्हणाले, बसा की.

म्हटलं, घाई आहे. पिशवी ठेवली आणि निघालो.

कसलीही घाई नव्हती. बसस्टॉपवर चार बस सोडल्या.