खारीची वाट

प्रिय देवश्री,

पत्र पाहून दचकू नकोस. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. श्रीरंगही जेवतो, म्हणजे ताटात वाढलेलं इकडचं तिकडे करतो. फोन सोडून सासूबाईंना हे काय सुचलं, असं तुला वाटेल. तर देवश्रीला फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही, असा त्याने माझ्याकडून शब्द घेतलाय. पत्राचं तो काही बोलला नाही. मिरजेच्या पोस्टात जन्म काढलेल्या बाईला पत्राची बंदी घालायला तो विसरला, यात माझा काय दोष? शेजारच्या फ्राऊ रोट उद्या सकाळच्या गाडीने हॅम्बर्गला बहिणीकडे निघाल्यात, हे त्यांच्यापाशी देते आहे. आधी वाईट बातमी सांगून टाकते, ती पोटात ठेवून मला पुढचं काही लिहिता यायचं नाही. आपली खारी हरवली आहे. शुक्रवारी सकाळी फिरायला नेली तेव्हा पळाली, ती अजून घरी आलेली नाही. जिवंत आहे, काल संध्याकाळीही दिसली, पण कुणाच्या हाती लागत नाही.

तू गेलीस आणि मी मार्चात इथे आले, तेव्हा कुत्रं म्हटलं की चार हात लांब राहणारी बाई होते मी, हे तुला ठाऊकच आहे. आल्या आल्या मी कायदा केला, की खारीने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. तिने तो असा पाळला की चारही पाय बाहेर आणि फक्त नाक आत. पंधरवड्याच्या आत कायदा मीच मोडला, पोळीच्या तुकड्यासकट. मग मीही तिच्याबरोबर फिरायला जायला लागले. तुझीच वाट. चर्चच्या मागून सफरचंदांच्या झाडांतून खाली उतरायचं, ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडायचा, द्राक्षांच्या मळ्याला वळसा घालून रानाच्या कडेच्या बाकापर्यंत जायचं. आता बाकासमोरची सगळी शेतं पिवळी झाली आहेत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती मोहरीच वाटली. या दिवसांत गवतात पक्षी अंडी घालतात आणि हरणीची पिल्लं लपलेली असतात, म्हणून कुत्र्याचा पट्टा सोडायचा नसतो, हेही मी शिकले. वाटेत जो भेटेल तो ग्रूस गॉट म्हणतो. पहिले काही दिवस मी राम राम म्हणायचे. दोन्हीत देवाचंच नाव, त्यामुळे कुणाचं अडलं नाही.

इथे माणसाला कुत्र्याच्या नावाने ओळखतात, ही एक मोठी गंमत आहे. ख कुणाला म्हणता येत नाही, त्यामुळे खारीची झाली कारी आणि मी झाले कारीची ओमा. ओमा म्हणजे आजी. आयुष्यात हे पद मला बेकरीतल्या बिस्किटाच्या नावाच्या कुत्रीमुळे मिळावं, हे नशीब बघ. सगळे तुझी चौकशी करतात. ती उंच, हसरी बाई कुठे आहे, म्हणतात. मी म्हणते, हॅम्बर्ग, प्रोयेक्ट. फार सोयीचा शब्द आहे तो. पुढे कुणी काही विचारत नाही. पण देवश्री, सहा महिन्यांचा प्रोयेक्ट वर्षाचा झाला आणि तुमच्यात बोलणं उरलं ते वीजबिलाचं नि खारीच्या लशीचं. हे मला दिसत नाही असं तुम्हाला दोघांनाही वाटतं, याचा मला राग येतो.

श्रीरंगचं तुला नव्याने काय सांगू? कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला तेव्हा तू इथेच होतीस. तेव्हापासून जे तोंड मिटलं ते मिटलंच. माझ्या पोटचा पोर, पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे मोरीच्या भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. आली मोठी आई विचारपूस करायला, अशा नजरेने बघतो. दिवसभर खोलीत बसून अर्ज पाठवायचे, मुलाखती द्यायच्या, कानाला ते यंत्र लावून जर्मनमध्ये बोलायचं. माझ्या वाट्याला फक्त हुंकार. चहा ठेवू का म्हटलं, तर वर न बघता म्हणाला, "जा". मी आपली तरातरा बाहेर आले, वाटलं हाकललं मला. थोड्या वेळाने हा बाहेर येऊन विचारतो, चहाचं काय झालं? तेव्हा कळलं की यांच्या भाषेत ja म्हणजे हो; गावातले सगळे त्याचा उच्चार या करतात, अक्षरं वाचून शिकलेला आमचा हा मात्र अजून जा म्हणतो. मी हसले आणि विसरून गेले. विसरायला नको होतं.

शुक्रवारी आम्ही तिघं बाकाशी पोचलो होतो. खारीचा पुढचा पाय पट्ट्यात अडकला, म्हणून त्याने वाकून पट्ट्याचा आकडा काढला आणि गळपट्टा दोन बोटांत धरून ठेवला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एका ठिकाणाहून उत्तर येणार होतं, तोच असणार म्हणून त्याने घाईने घेतला. मी बाकावर बसून बघत होते. तो म्हणाला, "जा, जा. गेनाऊ. जा." खारीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, जणू खात्री करून घेतली. तो पुन्हा जा म्हणाला आणि ती हिसका देऊन त्या पिवळ्या शेतात शिरली. तिकडून एक ससा उठला, मग ती पार रानाच्या दिशेने, आणि मग पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. श्रीरंग फोन टाकून धावला. खारीला लागलं नव्हतं, पण ती अशी घाबरली होती की त्याला बघून आणखीच लांब पळाली. नोकरीचं म्हणशील तर फोन गवतात पडला, तो माणूस किती वेळ हॅलो हॅलो करत होता कोण जाणे.

त्या दिवसापासून अर्धं गाव तिला शोधतंय. हरवलेली कुत्री शोधून देणारी मंडळी असतात इथे. त्यांनी सांगितलं की मागे धावू नका, घोळका करू नका, आणि तिच्या माणसाच्या अंगावरचं काहीतरी बाकाजवळ ठेवा, त्या वासाने ती येईल. मी लगेच तुझी गोधडी काढली. किती मळलेली ती! चारचौघांत अशी कशी ठेवायची, म्हणून मशीनमध्ये घालून, दोनदा धुऊन, उन्हात वाळवून, घडी करून नेऊन ठेवली. त्यांच्यातल्या एका बाईंनी ती उचलून नाकाशी धरली आणि नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. लाजेने मला कुठे तोंड लपवू असं झालं. तुझा घरात उरलेला तेवढाच वास, तो मी साबणाने घालवला. मग त्यांनी विचारलं, कारीला हाक कशी मारतात? मी सांगितलं, ये गं. तर आता फ्राऊ रोट, त्यांचा लंगडा डाकेल कुत्रा, शिकारी क्युब्लरसाहेब, सगळे रानाच्या कडेने ये गा, ये गा करत फिरतात. हसू येतं आणि डोळ्यांत पाणीही. क्युब्लरसाहेबांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की पिल्लांच्या दिवसांत मोकळं कुत्रं रानात राहणं बरं नाही, आणि तो रस्ता तर आहेच. श्रीरंग सकाळपासून अंधार पडेपर्यंत त्या बाकावर बसून असतो. संध्याकाळी ती रानातून बाहेर येते, उभी राहते, त्याच्याकडे बघते आणि परत जाते.

ती अशी का पळाली, हे मला परवा कणीक मळताना उमगलं. मी आले तेव्हा तूच मला लिहून पाठवलं होतंस, की आई, खारीला जर्मन कळत नाही, तिला बस, थांब, ये गं आणि पट्टा सोडला की जा, एवढंच कळतं. म्हणजे बिचारीने सांगितलेलं ऐकलं. तो फोनवर हो हो, बरोबर म्हणत होता आणि ती मराठी ऐकत होती. हे ध्यानात आलं आणि माझा हात परातीतच थांबला. कारण हॅम्बर्गला गेल्यावर तू मला मिरजेला फोन केला होतास. रडत नव्हतीस, फार शांतपणे सांगत होतीस. तू म्हणालीस, मी शेवटचं विचारलं त्याला, दारात उभी राहून, मग राहू का मी इथेच? तर त्याने मान वर न करता सरळ जा म्हटलं.

मी कणकेच्या हातांनी तशीच बाकापाशी गेले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या असतील, मला ऐकू आल्या नाहीत. त्याच्याशेजारी बसून विचारलं, देवश्रीने तुला राहू का म्हणून विचारलं तेव्हा तू काय म्हणालास? त्याला वाटलं मी त्याला दोष द्यायला आले आहे. म्हणाला, "आई, मी तिला राहा म्हटलं होतं. हो म्हटलं होतं. तरी ती गेली." मग मी त्याला म्हटलं, तोच शब्द जसाच्या तसा म्हणून दाखव. त्याने म्हटला. आणि म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा असा पडला, की आई असूनही मला बघवेना. देवश्री, वर्षभर तो समजतोय की त्याने थांबवलं आणि तू झिडकारलंस. आणि तू समजते आहेस की त्याने हाकललं.

एका शब्दाने संसार मोडतो असं मानण्याइतकी मी भोळी नाही. त्याआधी त्याने तुला महिनोन् महिने मुकं राहून छळलं, तेही खरं आहे. वर मान करून, तुझ्याकडे बघून मराठीत हो म्हणायला त्याचं काय जात होतं? हे मी त्याला बाकावरच सुनावलं. आता तो तुला फोन करायला धजत नाही. म्हणतो, तिने माझ्यावर सोपवलेली एकुलती एक गोष्ट मी हरवली, कुठल्या तोंडाने बोलू? म्हणून हे पत्र. घरी परत ये असं मी म्हणत नाही, तो तुम्हा दोघांचा प्रश्न आहे, त्यात मी पडायची नाही. तू फक्त रानाच्या कडेपर्यंत ये. त्या शोधणाऱ्या बाईही म्हणाल्या, की आता तिच्या ओळखीचा खरा आवाजच हवा. संध्याकाळी बाकाशी उभी राहा आणि नेहमीच्या आवाजात एकदा ये गं म्हण. खारी येईलच. पण मी माझ्या मुलाला ओळखते, तिच्याआधी बाकावरून कोण उठतं, तेही बघ.

तुझीच, आणि या भांडणात तुझ्याच बाजूची,
आई