चोथ्याचा धूर

लाखीश,
जैतून गाळण्याचा महिना

चि. शेलोमीत हिस, पेलत्यादादाचे अ. आ.

तू आणि आई मारेशाला मामाच्या घरी सुखरूप पोचलात, हे निरोप्याकडून कळलं. इथे वेशी बंद झाल्या. वेढा घालायला आलेल्या खास्द्यांचे तंबू खोऱ्यात पडलेत. पाण्यासाठी अंगणात खड्डा खणला, तर कमरेएवढ्या खोलीवर राख लागली आणि राखेत बाणांची पाती. अश्शूरांनी गाव जाळल्याचं आजोबा सांगायचे ना, ते हेच. जळक्या गावाच्या डोक्यावर चूल मांडून बसलो होतो आपण. सरहद्दीचं गाव, दुसरं काय होणार?

तटावरची इशाऱ्याची आगटी माझ्याकडे आहे. तिच्यात मी रोज आपल्या घाण्यातला जैतुनाचा चोथा टाकीन, म्हणजे धूर काळा होईल. काळा दिसला की समज, दादा आहे. पांढरा दिसला तर आईला घेऊन हेब्रोनची वाट धर. आणि रडू नकोस, तुझं नाक लाल होतं.

खापरावर लिहायला जागा संपली. लोभ मात्र आटू देऊ नकोस.

तुझा दादा

मारेशा,
पेरणीचा महिना

ती. दादास, शेलोमीतचा सा. न.

खापर मिळालं. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे. मामाकडचे सगळे हेब्रोनला गेले. आई हलत नाही. दिवसभर घराच्या धाब्यावर बसते, काळा धूर दिसला की मगच भाकर मोडते. मी चल म्हटलं की म्हणते, पोरगा तिकडे धूर करतोय आणि मी पाठ फिरवू होय? तिला उचलून नेणं झेपत नाही, सोडून जाणं जमत नाही. तुझ्या धुरानं आम्हाला इथे बांधून घातलंय, दादा. मला तुझा राग येतो. निरोप्या तटावरून दोरानं उतरतो, तसा तूही उतर.

लोभाची उधारी भेटीत फेड.

तुझी शेलू

लाखीश,
जव कापणीचा महिना

चि. शेलूस अ. आ.

आगटी सोडून मला उतरता येत नाही. निरोप्याचीही ही शेवटची खेप. तट जाळायला खास्दी आपले जैतून तोडून त्याच्याशी रचताहेत, आजोबांनी लावलेलेसुद्धा. वेशीबाहेरच्या घाण्यांतला सगळा चोथा त्यांनी त्या ढिगावर ओतलाय. आम्ही वरून नुसतं बघतो. मला भीती वाटते गं.

माझ्याकडचा चोथा संपला. उद्यापासून धूर पांढरा असेल. मी असेन, तरी पांढराच असेल. हे आईला कळू देऊ नकोस. दादा गेला म्हण आणि ओढत ने तिला.

तुम्हा दोघींवर लोभ आहेच.

दादा

मारेशा,
जव कापणीची अखेर

ती. दादास सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. पांढरा धूर दाखवला, दादा गेला म्हटलं. आई रडली नाही. सकाळी स्वतःच बोचकं बांधलं. आम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, तोच लाखीशकडचं आभाळ काळं झालं. इतका काळा धूर आजवर दिसला नव्हता.

आई हसली. मला खोटारडी म्हणाली, बोचकं सोडलं आणि तुझ्याही वाटणीचं पीठ मळायला घेतलं. आता मी कितीही ओढलं तरी ती यायची नाही. तटाशी रचलेल्या झाडांचं आणि त्यांवर ओतलेल्या चोथ्याचं मी तिला सांगितलेलं नाही. माझ्यानं सांगवत नाही.

निरोप्या नाही, तरी लिहून ठेवते. लोभ होता तसाच राहू दे, दादा.

तुझी शेलू