उशीतली पुडी

ललिताताई,

नमस्कार. फोनवर तू बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितो. माझ्यासाठी उपास धरला असशील तर आधी सोड.

इथे नाशिकला सगळं ठीक आहे. जेवण अळणी, पण पोटभर. हृदयाचं ऑपरेशन येत्या सोमवारी सकाळी. तुझ्या गुडघ्याला उतार आहे का?

आता भांडण. घरून दिलेल्या उशीत अंगाऱ्याची पुडी तूच शिवलीस ना? काल नर्सला सापडली. तेव्हापासून जो येतो तो विचारतो, "देव मानत नाही म्हणता, मग मरणाची भीती नाही वाटत?" अक्षरशः वीट आलाय. शेजारच्या खाटेवरचे इसाकचाचा पाच वेळा नमाज पढतात, त्यांना कुणी विचारत नाही. तेच काल हळूच म्हणाले, "धनराजभाऊ, डर तो मेरे को भी लगता है."

मेल्यावर काही नसतं, हे तुला चाळीस वर्षं सांगतोय. त्या काही नसण्याची भीती मला खरंच नाही. आत नेताना दाराशी आपलं कुणी नसेल, याची वाटते.

पुडी फेकलेली नाही. उशी मात्र उसवली आहे. सोमवारी पेठहून पहिल्या एसटीने ये, सुई-दोरा घेऊन.

तुझा हट्टी भाऊ,
धनराज